घरटी एक माणूस

काशिनाथ म्हात्रे यांच्याबद्दल चांगलं लिहायचा हक्क गावात ज्यांना आहे, त्यांत माझं नाव सगळ्यात शेवटी येईल. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. मी पाच वर्षं गावची सरपंच होते. त्याच्या आधीपासून घरच्या खोल्या पर्यटकांना देते, त्यांना जेवू घालते. माझं म्हणणं समोरच्याच्या गळी उतरवायची मला सवय आहे, आणि ती चांगली सवय आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. त्या सवयीच्या भरात मी या माणसाचं चारचौघांत, माइकवरून हसं केलं. त्या वेळी ते बरोबर होते हे समोरच्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते माइक धरून उभ्या असलेल्या बाईला.

आमचं गाव मांडव्याच्या धक्क्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर, खाडीला लागून. गावची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये फक्त मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. बांधात एका जागी उघाडी आहे, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरतीला खारं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपली आपण मिटते. बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. खांड गेली की खारं पाणी शेतात पसरतं, हातचं पीक जातं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. म्हणून गावात रीत होती. मोठ्या उधाणाआधी घरटी एक माणूस खोरं-घमेलं घेऊन बांधावर जायचं. खेकड्यांनी पाडलेली बिळं शोधायची आणि चिखलानं बुजवायची. कुणाची शेती किती हे कुणी विचारायचं नाही. शेती नसलेल्या घरातूनही माणूस यायचा.

ही रीत काशिनाथकाका चालवायचे. ते आमच्या यजमानांचे चुलत चुलते. ठेंगणे, रुंद पंजाचे, बारा महिने अंगात कारखान्यातला विटका निळा शर्ट. शर्टाच्या खिशात कॅलेंडरातून फाडलेलं भरती-ओहोटीचं पान आणि सुतळीचं एक भेंडोळं. सुतळी कशाला, असं मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. "लागते," एवढंच म्हणाले. पुढं वीस वर्षांत ती सुतळी लागलेली मी शंभर वेळा पाहिली.

निवृत्त होईपर्यंत ते कारखान्यात बॉयलरवर होते. तिथं म्हणे कुठलाही व्हॉल्व्ह फिरवण्याआधी शेजारच्याला मोठ्यानं सांगायचं, "मी हा उघडतोय, आता पुढं काय होईल?" आणि त्यानं उत्तर दिलं की मगच हात लावायचा. काकांनी ही शिस्त घरी आणली, घरातून ती गावात आली आणि गावानं त्यांचं नाव ठेवलं मंगकाय. शाळेतली पोरंसुद्धा "मंगकाय आजोबा" म्हणायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मी पहिल्या दोन खोल्या बांधायला काढल्या तेव्हाची गोष्ट. टाइल्सची न्हाणी, गिझर, सगळं कागदावर काढून मी ऐटीत त्यांच्यापुढं धरलं.

"छान हाय," काका म्हणाले. "पावने आले. मंग काय?"

"मग राहतील."

"ऱ्हायले. मंग काय?"

"मग काय काका, आंघोळ करतील, जेवतील, जातील आपल्या घरी!"

"आंगोल केली. मंग त्यो पानी कुठं गेला?"

मी कागदाकडं पाहिलं. सांडपाण्याचा खड्डा मी विहिरीच्या वरच्या अंगाला, आठ पावलांवर काढला होता. गवंड्यानं ते पाहिलं नव्हतं, आमच्या यजमानांनी पाहिलं नव्हतं, मी तर नाहीच. खड्डा घराच्या दुसऱ्या बाजूला गेला. आज माझ्याकडं येणारा पाहुणा विहिरीचं पाणी पिऊन "व्वा, काय गोड पाणी आहे" म्हणतो, तेव्हा मी "आमच्याकडचं पाणीच तसं आहे" असं म्हणून मोकळी होते.

तीनदाच का विचारता, असं एकदा मी त्यांना म्हटलं. "चौथ्यांदा इचारला का मानूस मारतो," ते म्हणाले.

सगळ्याच गोष्टींत ते असे घोळ घालत बसायचे, असं मात्र नाही. कापडाच्या दुकानात शिरले की पहिला दिसेल तो शर्ट घ्यायचे. मासळी, बी-बियाणं, नातवाच्या शाळेचं दप्तर, कशालाही पाच मिनिटांवर वेळ लागत नसे. पण मुंबईचा एक माणूस बंगल्यासाठी त्यांची बांधालगतची जमीन मागायला आला, त्याला त्यांनी दोन वर्षं फिरवलं आणि शेवटी नाही म्हणाले. लोक हसले. शर्टाला पाच मिनिटं आणि जमिनीला दोन वर्षं, हा काय हिशोब, असं दिन्यानं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या पुतण्यानं, तोंडावर विचारलं. काका त्याला उघाडीवर घेऊन गेले. झडपेवर हात ठेवून म्हणाले, "ही एकाच अंगाला उघडते. काय कामा अशी असतात. आत गेला का परत येवाचा रस्ता न्हाय. तिथं बसावाचा, इचार करावाचा. बाकी समदी घराची दारा. आत जा, भाएर ये, कोन इचारतो?"

दिन्या परत येऊन म्हणाला, "काका आता दारांशी पण बोलतात."

त्यांच्या मुलीच्या लग्नात तर बायकांनी त्यांना अंगणातून हाकललंच होतं. लग्नाला पंधरा दिवस असताना ते वही घेऊन बसले आणि म्हणाले, "आता सांगा, ह्या लगनाचा वाटोळा कसा व्हईल?" पार्वतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळावर हात मारला. "शुभ कार्याच्या तोंडावर काय अभद्र बोलताव!" पण काकांनी लिहिलंच. आचारी आला नाही तर. वीज गेली तर. वऱ्हाडाची बस खाडीच्या पुलावर अडकली तर. प्रत्येक 'तर'पुढं एक माणूस आणि एक वस्तू. लग्नाच्या दिवशी ऐन मुहूर्ताला वीज गेली. पाच मिनिटांत शेजारच्या गावातून आणून ठेवलेला जनरेटर सुरू झाला. काकांचे आभार कुणी मानले नाहीत. उलट बायका कुजबुजल्या, "बघितलीस ना काळी जीभ? बोलला आनि वीज गेली." कुजबुजणाऱ्यांत मी होते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा कळायला हवी होती. दिन्याचा टेम्पो आहे. एका पावसाळ्यात त्यानं भाड्याची भांडी भरून टेम्पो सरळ बांधावरून काढला. रस्त्यानं पाऊण तास लागला असता, तो दहा मिनिटांत पोचला. पारावर त्याचं कौतुक चाललं होतं. काका तिथं नव्हते. ते बांधावर जाऊन चाकाच्या खुणा बघून आले आणि दिन्यासमोर उजव्या हाताची चार बोटं जुळवून धरली.

"हे काय काका?"

"तुझा चाक आनि बांधाची कड, ह्याच्यात इतकी जागा व्हती."

"पन पोचलो ना!"

"पोचलास म्हनून शाना झाला न्हाइस. वाचलास."

"तेच ना! वाचलो म्हंजे माझा बरोबर व्हता."

"न्हाय. वाचलास म्हंजे वाचलास. बरोबर व्हतास का न्हाय, त्यो हिशोब येगला."

सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले. बोलावणं असूनही काका त्या दिवशी दिन्याच्या घरी जेवले नाहीत, एवढं आठवतं.

आता माझ्या सरपंचपणाच्या तिसऱ्या वर्षाचं सांगते.

मी खारेपाटच्या, म्हणजे आमच्या खाडीकाठच्या, जेवणाचा एक मेळा भरवायचं ठरवलं. जिताडा मासा, तांदळाची भाकरी, गावच्या तांदळाचा भात, पांढरा कांदा. मुंबईहून सहली काढणारे लोक यायचे होते. त्यांना गाव आवडलं तर घराघरांत दोन खोल्या निघतील, बायकांच्या हाताला काम मिळेल, असं माझं गणित. ते गणित चुकीचं नव्हतं. तारीख धरली कोजागिरीनंतरचा रविवार. आमच्याकडं कोजागिरी म्हणजे नवान्न पौर्णिमा. शेतात भात पिकून पिवळं उभं असतं, आठ दिवसांत कापणी लागते. आणि वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक नेमकं तेव्हा येतं.

काका खिशातलं पान घेऊन ओटीवर आले. "सूनबाय, तुझा रविवार आनि उधान एकाच दिशी हाय. भरती दुपारी एकला."

"माहीत आहे काका. पण दीडशे माणूस येतंय."

"येऊ दे. मंग शनवारी घरटी मानूस काढू."

"शनिवारी मांडव घालायचाय, मासळी साफ करायचीय. सगळे गडी मला लागणार."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी लोक कामावर असतात. काका, किती वर्षांत खांड गेलेली नाही. एक वर्ष नाही गेलो बांधावर तर काय होतंय?"

"जातो, म्हनून गेली न्हाय."

"कशावरून?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, हे मला माहीत होतं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? पंचायतीत वाद घालून घालून असे प्रश्न विचारायला मी शिकले होते. काकांच्या बशीतला चहा निवून गेला.

"नऊ वर्सा काय व्हनार न्हाय," ते म्हणाले. "मना मान्य हाय. धाव्या वर्सी भात जाईल, आनि त्याच्या मागून तीन वर्सा जातील. तुझा पावना रुसला तर पुढच्या रविवारी दुसरा येल. भात दुसरा येनार न्हाय."

"मग भिऊन घरात बसायचं का सगळ्यांनी?"

"भिऊन बसा कवा बोललो? खोरा घेऊन चला बोलतोय."

मी पंचायतीच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: यंदा मेळ्यामुळे बांधावर येण्याची आवश्यकता नाही. खाली सही केली.

रविवारी मेळा उत्तम भरला. साडेबाराला पानं मांडायला घेतली तेव्हा पाहुण्यांतल्या एका जोडप्याला खाडीवर फोटो काढायचे होते. वाट किती चिखलाची आहे ते बघून येते म्हणून मी स्कूटर काढली. अंगावर नवी साडी, पायांत नव्या सँडल्स. बांधाशी पोचल्यावर सँडल्स हातात घेतल्या आणि वर चढले.

बाहेरच्या अंगाला पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटं खाली होतं. चार बोटं मी अंदाजानं म्हणत नाही. वाकून हात लावून बघितला.

आतल्या अंगाला, उघाडीपासून वीसेक पावलांवर, काका मांडीपर्यंत चिखलात उभे होते. बांधाच्या पोटातून मनगटाएवढी पाण्याची धार आत येत होती. काका मातीनं भरलेलं पोतं भोकात दाबत होते, आणि पार्वतीकाकू शेताच्या कडेची माती घमेल्यातून आणून त्यांना देत होत्या. सत्तरीला टेकलेली दोन माणसं. किती वाजल्यापासून तिथं होती, कोण जाणे.

"गढूल येतंय," काका वर न बघता म्हणाले. "नितल आला असता तर भ्याव नव्हता. गढूल म्हंजे बांधाची माती धुवून येतेय." मग वर बघितलं. माझी साडी बघितली, हातातल्या सँडल्स बघितल्या. "दोन मानसा धाड सूनबाय. दोनच. जास्ती नको."

"पाठवते," मी म्हणाले आणि निघाले.

मी ती दोन माणसं पाठवली नाहीत.

स्कूटरवर सात मिनिटं लागतात. त्या सात मिनिटांत मी नीट विचार केला. घाईत चूक झाली असं म्हणायचीही सोय मला नाही. दोन गडी खोरी घेऊन मांडवातून धावत निघाले की गाव विचारणार, काय झालं? पाहुणे विचारणार. घाबरून उठले तर परत कधी येणार नाहीत. हे दार परत उघडत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. हो, काकांचेच शब्द. त्यांचं माप मी त्यांच्याच विरुद्ध वापरलं, आणि चुकीच्या दाराला लावलं. आणि या सगळ्याच्या तळाशी फळ्यावरची माझी सही होती, तिच्याकडं मी बघितलंच नाही. मांडवात पोचले, त्या जोडप्याला वाट फार चिखलाची आहे म्हणून सांगितलं. माइक चालू होता, समोर पंचवीस धडधाकट गडी वाढत होते. मी भाताचं पातेलं उचललं आणि वाढायला लागले. डोळे घड्याळावर. एक. सव्वा. दीडला मला कळलं की भरती फिरली असणार, आणि कुणी ओरडत आलेलं नाही.

पाच वाजता आभाराचा कार्यक्रम होता. काका आले. आमंत्रण होतं म्हणून आले. पाय धुतलेले, शर्ट धुतलेला. मांडवाच्या कडेला उभे राहिले. दिन्यानं त्यांना बघितलं आणि आरोळी ठोकली, "काय काका, मंग काय झाला?"

अख्खा मांडव हसला. फळ्यावर काय लिहिलंय आणि काकांचं म्हणणं काय होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माइक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "आमच्या काकांना सारखी भरतीची भीती वाटते. पण आज भरती आली, आमचे पाहुणे बघितले आणि लाजून परत गेली!"

टाळ्या पडल्या. काकासुद्धा हसले. लोक हसतात तेव्हा माणूस हसतो तसं. हसता हसता त्यांनी हात मागं घेतले. मी त्यांची नखं बघितली होती. नखांत चिखल तसाच होता.

चार दिवसांनी पिठाच्या गिरणीत पार्वतीकाकू भेटल्या. त्यांचा डबा माझ्या पुढं होता. गिरणीच्या आवाजात त्या अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "माइक बरा व्हता गो तुझा. बांधापरयंत सपष्ट ऐकू येत व्हता. आमी म्हनलो, आता आपल्यासाठी बोलंल. मंग गानी लागली."

मी म्हटलं, "काकू, मी पाठवणार होते, पण..."

"डबा झाला तुझा," त्या म्हणाल्या. डबा माझा नव्हता, त्यांचाच होता. तो उचलून त्या गेल्या.

काका कुणाला काही बोलले नाहीत. का नाही बोलले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला वाटतं ते वाट बघत होते. जिला माहीत आहे ती बोलेल, याची.

तसं बोलायची वेळ आलीसुद्धा. डिसेंबरच्या ग्रामसभेत दिन्यानं ठराव मांडला: उधाणाआधी घरटी माणूस काढायची जुनी पद्धत बंद करावी, गरज लागल्यास यंत्रानं दुरुस्ती करून घ्यावी. लोक नोकऱ्यांवर असतात, कुणाला सवड आहे? "आनि ह्या वर्सी कोन गेला व्हता बांधावर? कोन न्हाय. काय झाला? काय न्हाय!" ठरावाला आधार होता तो एवढाच. आणि तो खोटा होता. माझ्याकडं चार शब्द होते: दोन माणसं गेली होती. काका मागच्या बाकावर बसले होते. ते दिन्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. एखादा व्हॉल्व्ह फिरवायच्या आधी शेजारच्या माणसाकडं बघतात ना, तसं. आता काय होईल ते तो मोठ्यानं सांगेल म्हणून.

मी म्हणाले, "हात वर करा." हात वर झाले. मी सही केली. काका उठले, दारातल्या ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि गेले.

त्यानंतर त्यांनी कुणालाही "मंग काय" विचारलं नाही. गावाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. वरचा मजला चढवायला काढला तेव्हा मी मुद्दाम नकाशा घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी तो नीट पाहिला, बोट फिरवत फिरवत जिन्याशी आले, तिथं बोट जरा थांबलं.

"छान हाय," ते म्हणाले.

मी थांबले. चहा संपेपर्यंत थांबले. पुढं काही आलं नाही. मजला झाला. जिना पश्चिमेकडं उघडा आहे, पावसाळ्यात त्यात पाणी येतं. ते पाणी मी रोज सकाळी पुसते.

पुढच्या वर्षी काका-काकू मुलीकडं मुंबईला राहायला गेले. गुडघे गेले होते, असं लोक म्हणाले. बांध शाबूत आहे. गेल्या दोन उधाणांनाही काही झालं नाही. म्हणून माझं बरोबर होतं असं म्हणायचा मोह मला अजून होतो, आणि तसं झालं की मी हाताची चार बोटं जुळवून बघते.

सरपंचपद संपल्यावर गेल्या गणपतीनंतरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पाणी कुठवर होतं, धार केवढी होती, माणसं कुणी मागितली आणि कुणी पाठवली नाहीत. पद गेल्यावर सांगितलं. गमवायला काही उरलं नव्हतं तेव्हा सांगितलं, हेही लिहून ठेवते. मग कुणीतरी म्हणालं, "वहिनी, आता एवढ्या वर्सांनी कशाला काढता?" दिन्या खाली बघत होता. शेवटी ठरलं की ज्याला वाटेल त्यानं उधाणाआधी बांधावर जावं, सक्ती नको.

नोव्हेंबरात काका-काकू पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी दोन दिवस गावी आले होते. मला कळलं तेव्हा ते निघाले होते. रेवसहून भाऊच्या धक्क्याची लाँच धरणार होते. मी स्कूटर काढली आणि रेवस गाठलं. ओहोटी होती, लाँचला पुरेसं पाणी नव्हतं, माणसं खोळंबली होती. काका जेटीच्या टोकाला पिशवीवर बसून खांबावरच्या पाण्याच्या खुणा बघत होते. तोच निळा शर्ट. तब्येत उतरली होती. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, असं काकू म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. मला जागा केली की माझ्यापासून लांब गेल्या, ते कळलं नाही.

"काका, मी गावात सांगितलं. सगळं."

"ऐकला," ते म्हणाले. पाण्याकडंच बघत होते. मी वाट बघत होते, कशाची ते मलाच माहीत नव्हतं. बरं झालं म्हणतील, किंवा उशीर केलास म्हणतील. दोन्हींची माझी तयारी होती.

"मंग काय?" काका म्हणाले.

किती वर्षांनी ऐकला तो शब्द. मला क्षणभर बरं वाटलं, इतकं की मी घाईनं उत्तर दिलं. "मग यंदा लोक गेले बांधावर. उधाणाच्या आधी."

आता त्यांनी मान वळवली. "किती?"

"चार."

"चार." त्यांनी मनाशी काहीतरी मोजलं. चेहऱ्यावर नाराजी नव्हती, उलट डोळे जरा उजळले. "चार बी बरी. चार मानसांत बांध व्हतो. दोन दिस लागतात, पन व्हतो." लाँचनं भोंगा दिला. पाणी आलं होतं. काकूंनी पिशवी उचलली. काका गुडघ्यावर हात टेकून उठले, फळीवरून आत गेले, मागच्या बाजूला कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी विचारलं, "चार तुझ्यासकट ना?"

लोक बांधावर गेले त्या दिवशी माझ्या खोल्या भरलेल्या होत्या. स्वयंपाकाला येते तिच्या नवऱ्याला मी नवीन खोरं देऊन बांधावर पाठवलं होतं. चारातला एक तो. घरटी एक माणूस, या हिशोबानं माझ्या घरचा माणूस गेला होता. मी "हो" म्हणाले असते तर गावातलं कुणीही त्याला खोटं म्हणालं नसतं.

मी तोंड उघडलं. इंजिन सुरू झालं, लाँच जेटीपासून सुटली. इंजिनाच्या आवाजात माझं उत्तर बुडालं असं काकांना वाटलं असावं. त्यांनी उजवा हात कानामागं धरला आणि कठड्यावरून माझ्याकडं वाकले. लाँच वळून नजरेआड होईपर्यंत तो हात तिथंच होता.